घराला चाकं लागली, पुढे काय?

आमच्या गटाची महिन्याची बैठक आटोपत आली होती. चहाचे कप गोळा करता करता, बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली आमची एक मैत्रीण मोबाइल पुढे करून म्हणाली, "हे बघा गं. म्हातारपण असावं तर असं!"

मोबाइलवर अमेरिकेतलं एक जोडपं होतं. दोघंही पासष्टीच्या पुढची. राहतं घर विकून त्यांनी एसटीएवढी मोटार घेतलेली. आत स्वयंपाकघर, पलंग, न्हाणी, संडास, सगळं. चार महिने या जंगलात, चार महिने त्या किनाऱ्यावर. सकाळी पक्षी मोजायचे, दुपारी सहलीला आलेल्या मुलांना झाडांची माहिती सांगायची. पगार नाही, पण गाडी उभी करायला जागा, वीज आणि पाणी फुकट. दोघांनी सारखेच खाकी शर्ट घातलेले, टोपीवर 'स्वयंसेवक' असं लिहिलेलं, आणि दोघंही हसतायत.

बैठकीला आम्ही अकरा जणी होतो. बहुतेकींनी सुस्कारा सोडला. "ना पाहुणे, ना सणवार, ना सुनेची कटकट." "हा तर खरा वानप्रस्थ!" कोपऱ्यातून एकीने विचारलं, "पण त्या मोटारीत भांडी कोण घासतं गं?" सगळ्या खळखळून हसल्या आणि बैठक संपली.

मैत्रिणींनो, त्या हसण्यावारी गेलेल्या प्रश्नासाठीच मी हा लेख लिहिते आहे. अशी टूम निघाली की आपण चळवळीतल्या बायकासुद्धा चटकन भुलतो. 'नवरा-बायको मिळून समाजकार्य करतात' हे ऐकलं की आपली चौकस बुद्धी जरा सुट्टीवर जाते. वानप्रस्थाचंच घ्या. मनूने तिथे दोन वाटा सांगितल्या आहेत: बायकोला मुलांच्या हवाली करून वनात जावं, नाहीतर तिला बरोबर न्यावं. निवड कोणी करायची? नवऱ्याने. तिला जायचं आहे का, हा प्रश्न तिथे नाहीच.

मला या विषयात बोलायचा थोडा अधिकार आहे, कारण दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी मी सहा महिने टेक्ससमध्ये होते. बाळ चार महिन्यांचं झाल्यावर जावई आम्हाला समुद्रावर घेऊन गेले. त्या किनाऱ्यावर रिडले जातीची कासवं अंडी घालतात. आपल्या कोकणात वेळासला जी ऑलिव्ह रिडले येतात, त्यांचीच ही सख्खी चुलत बहीण, केम्प्स रिडले. पिल्लं पाण्यात सोडायची तेव्हा लोकांना दोरीमागे थोपवून धरायला आणि पिल्लांवर झडप घालणाऱ्या पाखरांना हाकलायला स्वयंसेवक उभे असतात. अशाच एका स्वयंसेवक बाईशी माझी ओळख झाली. उद्यानाचं नाव सांगत नाही, कारण माझं भांडण त्या उद्यानाशी नाही.

बाई अडुसष्ट वर्षांच्या. नवरा एकाहत्तर. सहा वर्षांपासून गाडीतच मुक्काम. तिकडे अशी पूर्णवेळ गाडीत राहणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या संघटनाही आहेत. के पीटरसन नावाच्या एका नर्सने आणि तिच्या इलेक्ट्रिशियन नवऱ्याने १९७८ मध्ये 'एस्केपीज' नावाचा क्लब काढला. त्याचं मुख्य ठाणं आज टेक्ससमध्येच लिव्हिंग्स्टन गावी आहे. म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे ज्यांना आता गाडी हाकवत नाही, त्यांना आपापल्या गाडीतच राहून जेवण आणि देखभाल मिळावी म्हणून तिथे एक केंद्रही चालवलं जातं. हे मुद्दाम सांगते, कारण हा सगळा चंगळवाद आहे असं मला म्हणायचं नाही. कष्टकरी, नोकरदार माणसांनी एकमेकांच्या आधाराने उभं केलेलं हे जग आहे.

तर बाईंनी मला गाडी आतून दाखवली. पस्तीस फूट लांब, आठ फूट रुंद. म्हणजे २८० चौरस फूट. बी.डी.डी. चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-आठ माणसांचा संसार केलेल्या बायका आपल्यात आहेत, त्यांना याचं काही अप्रूप वाटायचं नाही. जागा कमी म्हणून काम कमी होत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको. उलट वाढतं. प्रत्येक वस्तू काढली की जागच्या जागी ठेवायची, नाहीतर पुढचं पाऊल टाकता येत नाही. पाणी मोजून वापरायचं. फ्रिज छोटा, म्हणून बाजारहाट वरचेवर. कपडे धुवायला मैलभर लांब.

या गाडीवाल्यांच्या बोलण्यात एक गंमत आहे. कामांना ते रंग देतात: गुलाबी कामं आणि निळी कामं. गाडी चालवणं, जोडणं-सोडणं, टायर, बॅटरी, संडासाची टाकी रिकामी करणं ही निळी, म्हणजे पुरुषांची. स्वयंपाक, झाडलोट, कपडे, औषधांच्या वेळा, नातवंडांचे वाढदिवस लक्षात ठेवणं ही गुलाबी. टाकी रिकामी करायचं काम घाणेरडं आहे आणि ते पुरुष करतात, हे कबूल करायलाच हवं. आपल्याकडे कोणत्या निवृत्त साहेबाने घरचा संडास धुतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण ती टाकी आठवड्यातून एकदा-दोनदा. भूक दिवसातून तीनदा लागते.

आता बाहेरचं काम बघा. तेही याच रंगांनी वाटलं जातं. नवरा छोट्या विजेच्या गाडीतून फिरत लोकांना कासवांची माहिती द्यायचा, मोडलेले खांब ठोकायचा. त्याच्याभोवती मुलं जमायची. बाई तंबूंच्या जागांची नोंदवही सांभाळायची, आल्यागेल्याशी गोड बोलायची, भांडणं सोडवायची आणि दिवसातून दोनदा सार्वजनिक संडास-न्हाणी धुऊन काढायची. "तुम्हाला कोणी सांगितलं हे काम?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगितलं कोणीच नाही. पहिल्या दिवशी कोणीतरी करायचं होतं, मी केलं." मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती जणींच्या तोंडून ऐकलं आहे!

मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही इथे काय करता?" मी म्हटलं, "नातवाला सांभाळते. लेक कामावर जाते." त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीही स्वयंसेवकच की!"

मला राग आला. खरंच आला. आजीपण म्हणजे काय स्वयंसेवा? पण त्या रात्री झोप लागेना. सहा महिन्यांचा पाहुणा-व्हिसा, राहणं-जेवण फुकट, बदल्यात दिवसाचे दहा तास काम. जागेच्या बदल्यात श्रम. करार तोच होता, फक्त माझ्या टोपीवर काही लिहिलेलं नव्हतं.

आता जरा हिशेब मांडू. कॅम्पच्या यजमानपणासाठी ज्या जाहिराती निघतात त्यांत बहुधा माणशी आठवड्याला वीस ते तीस तास मागितलेले असतात, आणि अनेक ठिकाणी 'जोडपं हवं' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. समजा माणशी चोवीस तास. दोघांचे मिळून आठवड्याला अठ्ठेचाळीस, चार आठवड्यांचे १९२ तास. अमेरिकेत केंद्र सरकारचं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे, २००९ पासून त्यात एका सेंटचीही वाढ नाही. त्या तुटपुंज्या दरानेसुद्धा १,३९२ डॉलर होतात. स्वयंसेवेचं मोल काढणाऱ्या 'इंडिपेंडंट सेक्टर' या तिथल्याच संस्थेने २०२४ मध्ये तासाला ३३.४९ डॉलर असा दर जाहीर केला होता. त्या दराने सहा हजारांच्या वर. बदल्यात मिळते गाडीपुरती जागा, वीज, पाणी. आणि जागा एकच. एक जागा, दोन माणसांचे श्रम. तिच्या श्रमाचा मोबदला वेगळा काढताच येत नाही, कारण सौदा 'जोडप्या'शी झालेला असतो. जोडपं म्हटलं की त्यात बाई विरघळून जाते, मीठ पाण्यात विरघळावं तशी.

कोणी म्हणेल, सगळ्याला पैशात कशाला मोजायचं? निसर्गाची सेवा आनंदाने करू द्या की. हा आक्षेप जुना आहे आणि त्याला उत्तर देणाऱ्या बायकाही जुन्या आहेत. तारखा नीट बघा. राष्ट्रीय उद्यानांत बिनपगारी माणसं घ्यायला मोकळीक देणारा अमेरिकेचा कायदा १९७० मध्ये झाला. जंगल खात्यासाठी तसाच कायदा १९७२ मध्ये झाला. या कायद्यांनी स्वयंसेवकाला नोकर मानलेलं नाही. काम करताना इजा झाली किंवा त्याच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं, तर तेवढ्यापुरतंच तो सरकारी नोकर. आणि अगदी त्याच वर्षांत, १९७१ मध्ये, तिथल्या 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन'ने ठराव केला की बायकांनी स्वयंसेवा करायची ती समाज बदलण्यासाठी करावी, व्यवस्थेची ठिगळं शिवण्यासाठी नव्हे. १९७३ मध्ये त्यांच्या अभ्यासगटाने हे आणखी सविस्तर मांडलं: जे काम समाजाला खरोखर हवं आहे त्याला समाजाने पगार द्यावा. ते फुकट करून देणारी बाई दुसऱ्या बाईची नोकरी खाते आणि स्वतःच्या श्रमाची किंमतही शून्यावर आणते. या भूमिकेवर तेव्हा मोठा गहजब झाला. सेवाभावी संस्थांतल्या बायका दुखावल्या. मलाही ती भूमिका जशीच्या तशी पटत नाही. कासवाचं पिल्लू समुद्रात शिरताना बघून माझ्याही घशाशी आवंढा आला होता, आणि तो क्षण कोणा पगारदारासाठीच राखून ठेवा असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न त्यांनी नेमका विचारला होता आणि तो आजही तसाच उभा आहे.

आजही म्हणजे कसा? फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेतल्या सुमारे एक हजार नवख्या कर्मचाऱ्यांना सरकारने एका फटक्यात कामावरून काढलं. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्यांना परत घेण्याचे आदेश निघाले, ती गोष्ट वेगळी. पण पगारी माणूस काढला म्हणून संडास घाण व्हायचे थांबत नाहीत. ते कोणीतरी धुवायचेच असतात. आणि 'पहिल्या दिवशी कोणीतरी करायचं होतं, मी केलं' म्हणणारी बाई जवळच उभी असते.

हे सगळं लांबच्या देशातलं, आपल्याला काय त्याचं, असं वाटतंय? मग 'आशा स्वयंसेविका' हा शब्द एकदा मोठ्याने उच्चारून बघा. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवणारी, घरोघर फिरून नोंदी करणारी बाई सरकारदरबारी कर्मचारी नाही. ती स्वयंसेविका. तिला मिळतं ते मानधन आणि कामावारी मोबदला. २०२३-२४ मध्ये आपल्या राज्यातल्या या स्वयंसेविका संप करून आझाद मैदानावर बसल्या, तेव्हा त्यांच्या मागणीच्या मुळाशी हाच शब्द होता. टेक्ससच्या बाईंची आणि गडचिरोलीच्या आशाताईची बरोबरी होऊ शकत नाही, हे मला कळतं. एकीने हौसेने टोपी घातली, दुसरीला पोटासाठी घालावी लागली. पण टोपी विणणारे हात एकाच घराण्यातले आहेत.

आणि त्या बाईंची हौस तरी किती पक्क्या जमिनीवर उभी होती? मुलं लहान असताना आणि मग सासूच्या आजारपणात मिळून त्यांची चौदा वर्षं घरात गेली. अमेरिकेत म्हातारपणची सामाजिक सुरक्षा पेन्शन ठरते ती सर्वाधिक कमाईच्या पस्तीस वर्षांवरून. पस्तीस भरली नाहीत तर उरलेल्या प्रत्येक वर्षापुढे शून्य मांडतात. मूल वाढवलं, सासूचं केलं, त्याचं शून्य. स्वतःची पेन्शन फारच कमी असेल तर नवऱ्याच्या पेन्शनच्या जास्तीत जास्त निम्म्याइतकी रक्कम बायकोला मिळू शकते. घटस्फोट झाला असेल तर लग्न किमान दहा वर्षं टिकलेलं हवं. नऊ वर्षं अकरा महिने निभावलं तरी त्याच्या नोंदीवर काही मिळत नाही! उद्यानात केलेल्या तासांची भर या पेन्शनमध्ये पडत नाही, कारण पगार नाही तर नोंदच नाही. म्हणजे आयुष्यभर घरी फुकट राबून जी शून्यं जमवली, त्यांत म्हातारपणी जंगलात फुकट राबून भर टाकायची.

समजा नवऱ्याला दोन हजार डॉलर आणि बायकोला एक हजार. दोघं मिळून तीन हजारांत भागतं. नवरा गेला की दोन्हींपैकी मोठी रक्कम तेवढी राहते, लहान बंद होते. हातात दोन हजार. घर तर आधीच विकलं. गाडीची किंमत वर्षागणिक उतरत गेली, आणि जागा मिळत होती ती जोडप्याला. मी बाईंना विचारलं, "हे आधी गेले तर?" माझं इंग्रजी बेताचं, प्रश्न जरा आडदांडपणेच बाहेर पडला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गाडी मी चालवत नाही. एवढ्या मोठ्या गाडीवर माझा हातच बसला नाही."

स्वतःचं घर, आणि ते जागचं हलवता येत नाही! माझ्या अंगावर काटा आला. ज्या घराचं चाक तिच्या हातात नाही त्या घराला 'आमचं' म्हणत ती सहा वर्षं देशभर फिरत होती. आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्यासाठी आपण मोर्चे काढले. इथे नाव कागदावर होतं. किल्ली नव्हती.

एकटीने अशा गाडीत राहणाऱ्या बायकाही तिकडे हजारोंनी आहेत. त्यांची 'आरव्हीइंग विमेन' नावाची संघटना १९९१ पासून आहे. जेसिका ब्रुडरच्या 'नोमॅडलँड' या २०१७ च्या पुस्तकात त्यांच्यातल्या गरीब बायकांची कहाणी आली, पुढे त्यावरच्या सिनेमाला २०२१ मध्ये ऑस्करही मिळालं. त्या पुस्तकातल्या लिंडा मे या आजीबाई आयुष्यभर मिळेल ते काम करत आल्या, दोन मुली वाढवल्या, आणि म्हातारपणी पेन्शन हाती येणार होती महिन्याला पाचशे डॉलरच्या आसपास. म्हणून गाडीत घर. कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या कॅम्पवर यजमानीण म्हणून त्या राहिल्या, तेव्हाही कामात संडास धुणं होतंच. तिथे पगार होता, पण बेताचा. मोबाइलवर हसणारं जोडपं आणि लिंडा मे एकाच रांगेत गाड्या लावतात. मधे अंतर असतं एका नवऱ्याच्या पेन्शनचं.

आता माझ्या मैत्रिणीचा लाडका मुद्दा: "पण ती बाई सुखी होती ना? मग तुला काय त्रास?" होती. मान्य. मी तिला दुःखी ठरवायला निघालेली नाही. बायकांना स्वतःचं भलं कळत नाही असं म्हणणाऱ्या पुढारणी आपल्यात होऊन गेल्या, त्यांनी चळवळीचं नुकसानच केलं. बाईंनी मला सांगितलं की जुन्या घरी परत जायचा विचारही त्यांना नको वाटतो. का? "तिथे असते तर मुलाने तिन्ही नातवंडं माझ्याकडे आणून टाकली असती. आता मी कुठे आहे हेच त्यांना दर वेळी विचारावं लागतं." हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकले! स्वतःच्या वेळेवर स्वतःचा ताबा ही चैन त्यांना पहिल्यांदा मिळाली होती, आणि ती मिळवायला घराला चाकं लावावी लागली. मी त्यांचा हेवा केला, हेही लिहून टाकते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी बाळाच्या बाटल्या उकळत होते.

तेव्हा भांडण त्या सुखाशी नाहीच. भांडण आहे ते तिच्या सुखाचा दाखला देऊन तिच्या श्रमाचा हिशेब बंद करण्याशी. अशक्य असं आपण काहीच मागत नाही. जर्मनीत मूल वाढवण्याची वर्षं १९८६ पासून पेन्शनमध्ये धरतात, आणि १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षं मिळतात. म्हणजे सरकारला मोजायचं असेल तर मोजता येतं. स्वयंसेवकांच्या कराराचं काय? जागा जोडप्याला द्या, पण तास दोघांचे वेगळे लिहा, कामं वेगळी लिहा, आणि दोघांपैकी एक मागे राहिलं तर हंगाम संपेपर्यंत तिला जागेवरून उठवणार नाही एवढं कलम घाला. कामांची पाळी बदला. आज कासवं तिच्याकडे, संडास त्याच्याकडे.

पुढल्या बैठकीत मी हे सगळं बोलले. बँकवाली मैत्रीण तणतणली, "तुला कशातच चांगलं दिसत नाही." मग दहा मिनिटांनी तीच म्हणाली की ती आणि तिचे यजमान येत्या पावसाळ्यात तीन महिने एका गावी शाळेत शिकवायला जाणार आहेत, संस्थेने राहायला एक खोली देऊ केली आहे. संस्थेचं पत्र आलं आहे. पत्रावर नाव? यजमानांचं, पुढे 'सपत्नीक'. जेवणाची सोय? "ती आपली आपण करायची."

तिने ते पत्र परत पाठवलं आहे. दोघांच्या नावाने वेगळी पत्रं द्या, शिकवण्याचे तास वेगळे लिहा आणि डब्याची सोय करा, असं तिने कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आमच्या गटाने मात्र एक साधा तक्ता केला आहे: घरचे तास, नातवंडांचे तास, संस्थेचे तास, आणि प्रत्येकापुढे 'कोणाच्या नावावर' असा रकाना. एक महिना भरून बघायचा आहे. ज्या गटांना हवा असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर मागवावा, आणि भरलेले तक्ते पुढच्या अंकाआधी पाठवावेत. नवऱ्यांनी भरलेले असले तरी चालतील.